दोनशे कोटी प्रती, रोजचे दोनशे शब्द

अगाथा ख्रिस्तींच्या पुस्तकांच्या आजवर किती प्रती खपल्या? या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर आहे २०० कोटी. त्यातल्या १०० कोटी इंग्रजीत, उरलेल्या १०० कोटी इतर भाषांत. आकडा इतका गोल आणि गुळगुळीत आहे की रहस्यकथेच्या वाचकाने पहिला संशय त्याच्यावरच घ्यावा. मोजलं कोणी? शंभर वर्षांत प्रकाशक बुडाले, विकले गेले, एकमेकांत विलीन झाले, आणि परवानगीचा कागद न घेता छापणारे तर कुठल्याच वहीत सापडायचे नाहीत. तेव्हा हा अंदाजच. गिनीज बुकाने सर्वाधिक खपाच्या कथालेखिका म्हणून अगाथाबाईंची नोंद केली आहे. त्यांच्या वर फक्त बायबल आणि शेक्सपिअर, असंही नेहमी सांगितलं जातं. पण तिथेही मोजपट्टी कुणाच्या हातात होती ते विचारू नये.

अंदाज म्हणून तरी तो पेलून बघू. १८ सेंटिमीटर उंचीची साधी पेपरबॅक पुस्तकं एकापुढे एक आडवी मांडत गेलं तर २०० कोटींची रांग ३ लाख ६० हजार किलोमीटर भरते. चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे, म्हणजे तिथे टेकायला अजून १३ कोटी प्रती खपायला हव्यात. सेकंदाला एक या वेगाने, न झोपता न जेवता कुणी मोजायला बसलं, तर त्याची ६३ वर्षं त्यात जातील. पहिली कादंबरी १९२० साली आली. तिथपासूनची सरासरी काढली तर मिनिटाला ३५-३६ प्रती, तेही रविवार आणि दोन महायुद्धांपैकी एक जमेस धरून. संशयी माणसाने आकडा निम्म्यावर आणावा. तरीही मिनिटाला १८ उरतातच.

मोजलेले आकडेही आहेत. १९४८ मध्ये पेंग्विनने त्यांची १० पुस्तकं प्रत्येकी १ लाख प्रतींची काढून एकाच दिवशी बाजारात आणली. एका लेखिकेची १० लाख पुस्तकं, एका सकाळी. युनेस्कोकडे १९७९ नंतरच्या भाषांतरांची जी सूची आहे, तिच्यात अगाथाबाईंच्या नावावर ७,२३६ नोंदी आहेत. दुसऱ्या क्रमांकावर ज्यूल व्हर्न, ४,७५१. शेक्सपिअर तिसरा, ४,२९६. दुसरा आणि पहिला यांच्यात अडीच हजारांची दरी आहे, आणि ती भरायला एक अख्खा नवा लोकप्रिय लेखक लागेल.

आता हाच हिशेब उलट्या टोकाने करू. या बाईंनी लिहिलं किती? गुप्तहेरी कादंबऱ्या ६६. एका कादंबरीचे सरासरी ६० हजार शब्द धरले तर सुमारे ४० लाख शब्द होतात. १९२० ते १९७६ या ५६ वर्षांवर ते पसरले की दिवसाला येतात जेमतेम दोनशे. दोनशे शब्द म्हणजे मामाला लिहिलेलं एक बऱ्यापैकी पत्र. कथा, नाटकं, मेरी वेस्टमॅकॉट या टोपणनावाने लिहिलेल्या सहा कादंबऱ्या मिळवल्या तरी आकडा फार फुगत नाही. (त्या सहांपैकी ‘ॲबसेंट इन द स्प्रिंग’ तर त्यांनी तीन दिवसांत लिहून हातावेगळी केली.) नुसत्या पुस्तकांच्या संख्येत आपले बाबुराव अर्नाळकर त्यांना कुठच्या कुठे मागे टाकतात. बाबुरावांच्या रहस्यकथा हजाराच्या वर, म्हणजे एका ख्रिस्तीपुस्तकामागे पंधरा! तेव्हा चकित व्हायचं ते त्यांनी लिहिलं किती यावर नव्हे. इतक्या थोडक्या ऐवजातून एवढा पसारा कसा उभा राहिला, हे कोडं आहे. त्याचा माग काढत गेलं की दर वळणावर एखादी छोटीशी संख्याच हाताला लागते.

पहिली छोटी संख्या: वर्षाला १६ पौंड. १५ सप्टेंबर १८९० रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या टॉर्की गावात जन्मलेल्या या मुलीने आठ वर्षांची होईपर्यंत वाचू नये, असं आईचं मत होतं. मुलगी पाचव्या वर्षीच आपली आपण वाचायला शिकली. वडील ती ११ वर्षांची असताना गेले. पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या टाउन हॉलात रेडक्रॉसचं इस्पितळ उघडलं आणि तिथे अगाथाबाईंनी एकूण ३,४०० तास काम केलं. आधी बिनपगारी परिचारिका म्हणून, मग १९१७ साली रीतसर परीक्षा देऊन कंपाउंडर म्हणून, वर्षाला १६ पौंडांवर. बाटल्यांच्या फळ्यांपुढे उभं राहून औषधं मोजताना त्यांना कळलं की औषध आणि विष यांत अंतर असतं ते मात्रेचं. बहीण मॅजने पैज लावली होती की तुला गुप्तहेरकथा जमायची नाही. १९१६ मध्ये ‘द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स’ लिहून झाली, एकामागून एका प्रकाशकाने ती परत पाठवली, आणि अखेर चार वर्षांनी ती छापून आली तेव्हा बाईंच्या हातात पडले २५ पौंड.

त्या पुस्तकाचं एक परीक्षण औषधनिर्मात्यांच्या ‘फार्मास्युटिकल जर्नल’मध्ये आलं होतं. स्ट्रिक्निनचं वर्तन लेखिकेने अचूक लिहिलं आहे, अशी शाबासकी त्यात होती. अगाथाबाईंना साहित्यिक सन्मान पुढे पुष्कळ मिळाले, पण ही दाद मला सगळ्यांत वजनदार वाटते. विषाबाबत त्या कधी थापा मारत नसत. याचा पुरावा १९७७ साली मिळाला, त्या गेल्यानंतर एका वर्षाने. कतारहून लंडनच्या हॅमरस्मिथ इस्पितळात १९ महिन्यांचं एक बाळ आणलं होतं. डॉक्टरांना निदान होईना. त्या वॉर्डातली एक नर्स तेव्हा बाईंची ‘द पेल हॉर्स’ वाचत होती. त्या कादंबरीतलं विष आहे थॅलियम, आणि त्याचं ठळक लक्षण केस गळणं. बाळाचेही केस गळत होते. तपासणी झाली, थॅलियमच निघालं, बाळ वाचलं. कागदावर एवढे मुडदे पाडणाऱ्या बाईंच्या जमेच्या बाजूला एक जिवंत मूल आहे.

दुसरी संख्या, ११ दिवस. हे प्रकरण सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून थोडक्यात. ३ डिसेंबर १९२६ च्या रात्री त्या घरातून निघाल्या. आई त्याच वर्षी गेलेली, नवरा आर्चीने दुसऱ्या बाईसाठी घटस्फोट मागितलेला. त्यांची मॉरिस काउली गाडी सरे परगण्यात न्यूलँड्स कॉर्नरला बेवारस सापडली. हजाराहून जास्त पोलीस, १५ हजार स्वयंसेवक आणि विमानं शोधाला लागली. आर्थर कॉनन डॉईल यांनी त्यांचा एक हातमोजा मिळवून परलोकविद्येच्या माध्यमाकडे दिला. शेरलॉक होम्सच्या जनकाकडून वेगळी अपेक्षा होती! १४ तारखेला बाई हॅरोगेटच्या एका हॉटेलात सापडल्या. वहीत आडनाव लिहिलं होतं नील, म्हणजे नवऱ्याच्या मैत्रिणीचं आडनाव. पुढे त्यांनी जाडजूड आत्मचरित्र लिहिलं, पण त्या ११ दिवसांविषयी त्यात एक ओळही नाही. स्मृतिभ्रंश की सूड, यावर पुढच्यांनी पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली. माझ्या मते न बोलण्याचा त्यांचा हक्क त्यांनी पुरेपूर वसूल केला, एवढंच खरं.

घटस्फोट १९२८ साली झाला आणि त्याच वर्षी बाई एकट्याच ओरिएंट एक्सप्रेसने बगदादकडे निघाल्या. उरच्या उत्खननावर १९३० मध्ये मॅक्स मॅलोवन हा तरुण पुरातत्त्वज्ञ भेटला, वयाने १३ वर्षांनी लहान, आणि त्याच वर्षी लग्नही झालं. पुढची कित्येक वर्षं त्या नवऱ्याबरोबर इराक-सीरियातल्या टेकाडांवर राहायच्या. निमरुदला सापडलेल्या, अडीच हजार वर्षांहून जुन्या हस्तिदंती वस्तूंच्या खाचांतली माती त्यांनी विणायच्या सुईने काढली आणि वस्तू पुसल्या त्या आपल्या चेहऱ्याच्या क्रीमने.

खपाच्या कोड्याची खरी किल्ली मात्र तिसऱ्या संख्येत आहे: दहा. १९३९ मध्ये आलेल्या ‘अँड देअर वेअर नन’मध्ये डेव्हनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर दहा माणसं येतात. बेटाबाहेर जायला वाट नाही, आत यायलाही नाही. या एका पुस्तकाच्या १० कोटींहून जास्त प्रती खपल्या असं मानलं जातं, म्हणजे पात्रामागे एक कोटी. आपल्याकडे १९६५ च्या ‘गुमनाम’ चित्रपटाने तेच बेट हिंदीत आणलं, गाण्यांसकट. इतक्या माणसांना मारायचं आणि तरी कथा हास्यास्पद होऊ द्यायची नाही, हे अवघड होतं म्हणूनच करून बघावंसं वाटलं, असं बाईंनी नंतर नमूद केलं आहे.

त्यांची सगळी दुनिया अशीच छोट्या अंकांची. आगगाडीचा एक डबा, नाईल नदीवरची एक बोट, विमानातल्या थोड्याशा खुर्च्या, एक खेडं. संशयित आठ-दहा. प्रत्येकाला एक कारण आणि एक खोटं. पानं दोन-अडीचशे, म्हणजे मुंबई ते पुणे आणि परत. वाक्यं आखूड, वर्णन कमीत कमी, संवाद भरपूर. समीक्षकांनी याच गोष्टी दोष म्हणून मोजल्या: पात्रं सपाट, भाषा साधी. आता हेच दोष भाषांतरकाराच्या डोळ्यांनी पाहा. ज्या लेखकाचं सौंदर्य शब्दांच्या पोतात असतं, त्याचं दुसऱ्या भाषेत निम्मं सांडतं. अगाथाबाईंचं कोडं बांधलंय ते वेळ, जागा आणि खोटं बोलणाऱ्या माणसांवर. साडेनऊला दार आतून बंद होतं का, हा प्रश्न इंग्रजीत जितका टोकदार, तितकाच जपानीत आणि मराठीतही. सपाट म्हणून हिणवलेली ती पात्रंही मुद्दाम सपाट ठेवलेली आहेत. निवृत्त कर्नल, लोभी पुतण्या, मुकी सोबतीण यांना आपण पहिल्या पानावर ओळखतो आणि ओळखलं म्हणून पाहायचं सोडतो. त्या न पाहण्यातच खुनी लपलेला असतो. ७,२३६ भाषांतरांचं रहस्य माझ्या लेखी एवढंच आहे.

ही सफाई आपोआप आली नव्हती. ग्रीनवे या त्यांच्या डेव्हनमधल्या घरात ७३ वह्या सापडल्या. त्या उघडल्या की वाचणारा गोंधळून जातो. ठरलेला खुनी तीन वेळा बदललेला, त्याच पानावर किराण्याची यादी, दुसऱ्याच कादंबरीचं एक प्रकरण उलट बाजूने. वह्यांना क्रम नाही, तारखा क्वचितच. कोणी केलं, हे कित्येकदा लेखिकेलाही वाचकाइतकंच उशिरा कळलं असावं असं त्या बघून वाटतं.

भाषेच्या साधेपणाला एक उदास शेपूट आहे. टोरोंटो विद्यापीठातल्या अभ्यासकांनी त्यांच्या कादंबऱ्यांतले वेगवेगळे शब्द संगणकावर मोजले. १९७२ च्या ‘एलिफंट्स कॅन रिमेंबर’मध्ये शब्दसंपत्ती १८ वर्षांपूर्वीच्या कादंबरीपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी घटलेली आढळली. स्मृतिभ्रंशाचं निदान हयातीत कधी झालं नव्हतं. शंका आली ती या मोजणीतून. आणि त्या कादंबरीचा विषय तरी काय? आठवण.

मोजणीच्या बाबतीत निर्विवाद असेल तर ते ‘द माउसट्रॅप’ हे नाटक, कारण तिथे दर प्रयोगाची तिकिटं फाटतात. १९४७ साली राणी मेरीच्या ८०व्या वाढदिवसासाठी बीबीसीला अर्ध्या तासाची नभोनाटिका हवी होती, तिचंच हे वाढवलेलं रूप. लंडनला पहिला प्रयोग २५ नोव्हेंबर १९५२ रोजी झाला. किती चालेल? निर्माते पीटर सॉन्डर्स म्हणाले १४ महिने. बाई म्हणाल्या, छे, आठ. १९७४ मध्ये नाटक शनिवारी एका थिएटरातून उठून सोमवारी शेजारच्या थिएटरात गेलं, एकही प्रयोग न चुकवता. मार्च २०२० मध्ये कोरोनाने ते बंद पाडलं, मे २०२१ मध्ये परत सुरू झालं, आणि १९ मार्च २०२५ रोजी ३० हजारावा प्रयोग झाला. एका प्रयोगाचे दोनच तास धरले तरी ६० हजार तास, म्हणजे रात्रंदिवस पडदा न पाडता जवळजवळ सात वर्षं.

नाटकवाल्यांसाठी या नाटकाच्या पोटात आणखी संख्या आहेत. डेव्हिड रेव्हन या नटाने मेजर मेटकाफ ४,५७५ वेळा केला. नॅन्सी सीब्रूक या अभिनेत्री १५ वर्षं एका भूमिकेसाठी बदली नटी म्हणून विंगेत तयार बसल्या, ६,२४० प्रयोग. प्रत्यक्ष रंगमंचावर जायची वेळ आली ७२ वेळा. यातली कोणती नोंद जास्त थक्क करणारी, हे ज्याने कधी विंगेत उभं राहून दुसऱ्याच्या टाळ्या ऐकल्या आहेत त्यानेच सांगावं. पहिल्या प्रयोगातली एकच वस्तू आजही मंचावर आहे, शेकोटीवरचं घड्याळ. आणि शेवटी नट प्रेक्षकांना विनंती करतात की खुनी कोण ते बाहेर सांगू नका. एक कोटीहून जास्त लोकांनी ते नाटक पाहिलं. इंटरनेटवर उत्तर दोन क्षणांत मिळतं, तरी माणसं विचारत नाहीत आणि पाहिलेली सांगत नाहीत. एवढ्या माणसांनी मिळून पाळलेलं दुसरं गुपित मला तरी आठवत नाही.

पैशाची बाजू याहून गंमतशीर. नाटकाचे हक्क बाईंनी नातवाला, मॅथ्यूला, नवव्या वाढदिवसाची भेट म्हणून देऊन टाकले होते. पहिल्या संचातला नायक होता रिचर्ड ॲटनबरो. त्याने आणि त्याच्या बायकोने पगारातून पैसे कापून नफ्यातला दहा टक्के वाटा घेतला होता. पुढे ‘गांधी’ चित्रपट बुडायची वेळ आली तेव्हा त्याने उरलेला वाटा विकून तो तरंगता ठेवला. म्हणजे लंडनमध्ये रोज रात्री होणाऱ्या एका खुनाच्या कमाईतून थोडी रक्कम अहिंसेच्या खात्यावर जमा झाली. त्या चित्रपटातल्या अंत्ययात्रेसाठी दिल्लीत सुमारे ३ लाख माणसं जमली होती. कस्तुरबा झाल्या रोहिणी हट्टंगडी, आणि वेशभूषेचं ऑस्कर आणलं कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी, भारतीयाला मिळालेलं पहिलं. उंदराच्या पिंजऱ्यापासून रंकाळ्यापर्यंतची ही वाट एखाद्या कादंबरीत घातली असती तर संपादकाने योगायोग फार झाले म्हणून कापली असती.

खुद्द बाईंचं काय? १२ जानेवारी १९७६ रोजी त्या ८५व्या वर्षी गेल्या तेव्हा नावावर निघाले १ लाख ६ हजार ६८३ पौंड. कारण साधं आहे: करांच्या तगाद्याला कंटाळून १९५५ मध्येच एक कंपनी काढली होती आणि बरेच हक्क घरच्यांत वाटले होते. १९६८ मध्ये त्या कंपनीचा ५१ टक्के हिस्सा घेतला तो साखरेच्या धंद्यातल्या बुकर मॅककॉनेलने. लेखकांच्या हक्कांत पैसा आहे हे कळलेल्या याच कंपनीने पुढच्याच वर्षी एक साहित्यिक पारितोषिक सुरू केलं, बुकर. मुंबईत जन्मलेल्या सलमान रश्दींना १९८१ मध्ये मिळालं ते हेच. रहस्यकथेला साहित्य म्हणावं की नाही यावर परिसंवाद भरवणाऱ्यांनी हा जमाखर्च जरूर पाहावा.

राहता राहिला त्यांचा गुप्तहेर पोइरो. ३३ कादंबऱ्या, पन्नासावर कथा. १९१६ साली लिहिलेल्या पहिल्याच पुस्तकात तो निवृत्त बेल्जियन पोलीस अधिकारी आहे. तेव्हा त्याला साठीचा धरला तर १९७५ मध्ये ‘कर्टन’मध्ये मरताना तो १२० च्या घरात जातो. ती कादंबरी बाईंनी दुसऱ्या महायुद्धातच लिहून तिजोरीत ठेवली होती, बाँबने आपण गेलो तर असावी म्हणून. ६ ऑगस्ट १९७५ रोजी न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर पोइरोची मृत्युवार्ता छापली. काल्पनिक माणसाला असा मान त्या वर्तमानपत्राने त्याआधी दिलेला नव्हता.

कायद्याने मात्र पोइरो बऱ्याच देशांत अजून कुणाच्या तरी मालकीचा आहे, आणि देशोदेशी वेगवेगळ्या तारखेपर्यंत. ब्रिटनमध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं हक्क राहतात, म्हणजे बाईंचं लेखन तिथे २०४७ उजाडल्यावर मोकळं होईल. भारतात ही मुदत ६० वर्षांची आहे. १ जानेवारी २०३७ पासून इथे कुणीही त्यांची दुसरी गुप्तहेर मिस मार्पल मराठीत आणावी, कुणीही ‘माउसट्रॅप’चे प्रयोग लावावेत, लंडनला एक पैसा पाठवायला नको, ब्रिटिशांच्या दहा वर्षं आधी. मराठी निर्मात्यांनी तारीख आत्ताच डायरीत लिहून ठेवायला हरकत नाही. फक्त आत्मचरित्राच्या वाटेला घाईने जाऊ नये. ते त्यांच्या मागे, १९७७ मध्ये छापलं गेलं, त्यामुळे त्याला आणखी एक वर्ष थांबावं लागेल.